मुदत संपली, म्हणजे काय संपलं?

नोव्हेंबर आला हे बँकेत थंडीवरून कळत नाही, काठ्यांच्या आवाजावरून कळतं. पस्तीस वर्षं बँकेत काढल्यावर एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. शटर अर्धंच वर गेलेलं असतं, शिपाई आत केर काढत असतो आणि बाहेर पायऱ्यांवर निवृत्त मंडळींची रांग लागलेली असते. कुणी मफलर गुंडाळून आलेलं, कुणी नातवाचा हात धरून, कुणाच्या काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं पेन्शनचं पुस्तक. हयातीचा दाखला द्यायचा असतो. आपण जिवंत आहोत, एवढंच लेखी सांगायचं. पण ते ठरल्या महिन्यात सांगायचं.

या रांगेकडे मी बरीच वर्षं काउंटरच्या आतून पाहिलं. आता मीही त्या रांगेतला झालो आहे. बाजू बदलली की गोष्टी वेगळ्या दिसतात, हे वाक्य मी माझ्या कादंबऱ्यांतल्या पात्रांच्या तोंडी अनेकदा घातलं असेल. स्वतःला ते कळायला मात्र निवृत्त व्हावं लागलं.

जानेवारी १९९६ मधली गोष्ट. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. कॅश बंद व्हायच्या सुमारास एक वृद्ध गृहस्थ माझ्या टेबलाशी आले. केंद्र सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झालेले. दिवाळीत पडले, मांडीचं हाड मोडलं, दोन महिने लेकीकडे परगावी अंथरुणावर होते. दाखला राहिला आणि पेन्शन थांबलं. हे सगळं ते सांगत होते आणि मी एकीकडे व्हाउचरं तपासत होतो. मान वर न करता मी म्हणालो, “आजोबा, मुदत संपली. नोव्हेंबरात यायला हवं होतं.”

ते क्षणभर उभे राहिले. “बरं,” म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

खरी गोष्ट अशी, की दाखला उशिरा आला तरी तो घेता येत होता. तो घेतला की पेन्शन पुन्हा सुरू होतं आणि मधल्या महिन्यांची थकबाकीही मिळते. हे मला पक्कं ठाऊक होतं. “मुदत संपली, पण आता दाखला द्या, मी पुढचं बघतो,” असंच मला म्हणायचं होतं. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग माझ्या तोंडातच राहिला. तेवढ्यात फोन वाजला असेल, कुणी सही मागितली असेल. मार्चमध्ये त्यांचा मुलगा आला, तो वडील गेल्याचं सांगायला आणि खातं बंद करायला. थकबाकी आम्ही पैशा-पैशाचा हिशेब करून त्याच्या हाती दिली.

माझ्या वाक्यानं ते गेले, असं मी म्हणत नाही. वय झालंच होतं. पण शेवटचे तीन महिने ते आपलं पेन्शन कायमचं गेलं असं समजून जगले, हे मात्र माझ्या वाक्यामुळे झालं. मी म्हणालो ‘मुदत संपली’, त्यांनी ऐकलं ‘हक्क संपला’.

हेच वाक्य २०२४ च्या जुलै महिन्यात माझ्या स्वयंपाकघरात परत आलं.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी माझ्याहून वयानं लहान. पण घरात सगळे मावशी म्हणतात म्हणून माझ्याही त्या मावशीच. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. त्यांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे मिळत. १९८० साली, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झालेली ही योजना. विधवा, अपंग, दुर्धर आजारी, ज्यांना कुणाचा आधार नाही अशांसाठी. २०२३ साली तिची दरमहाची रक्कम हजाराची दीड हजार झाली. आपल्यापैकी अनेकांच्या घरी एवढे पैसे हॉटेलात एका संध्याकाळी उडतात. मावशींच्या घरी त्यात गॅसची टाकी, विजेचं बिल आणि रक्तदाबाच्या गोळ्या बसत होत्या.

पोळी लाटता लाटता त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या, “वहिनी, ते सरकारी पैसे बंद झाले माझे. मुदत संपली म्हणाले.”

मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. ते हातातच राहिलं.

झालं होतं असं. तहसील कचेरीनं त्या वर्षी हयातीच्या नोंदीबरोबर उत्पन्नाचा दाखलाही मागितला होता आणि ३१ मार्च ही तारीख दिली होती. मार्चच्या मध्यावर मावशींची लेक सातव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात काचेच्या पेटीत. मावशी मिळेल त्या एसटीनं गेल्या त्या मेअखेर परतल्या. एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांचे पैसे आले नाहीत, ते जुलैत पासबुक भरून घेतलं तेव्हा कळलं. कचेरीत गेल्या तर खिडकीतून उत्तर आलं, “नाव कमी झालंय. मुदत संपली.”

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“काय म्हणणार साहेब? चूक माझीच आहे ना.”

आपल्या सगळ्यांच्या मनात खोलवर बसलेला समज हा असा आहे. तारीख चुकली म्हणजे आपण गुन्हेगार आणि गुन्हेगारानं तोंड वर करून बोलायचं नसतं. सुशिक्षित माणसंही याला अपवाद नाहीत. विम्याचा दावा उशिरा केला म्हणून नाकारला, मुलाच्या शिष्यवृत्तीचं नूतनीकरण राहिलं, अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची मुदत उलटली, अशा वेळी पत्र येतं आणि घरातला कर्ता माणूस ते घडी करून कपाटात ठेवून देतो. त्या पत्राच्या तळाशी दाद कुठे मागायची ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं. तिथवर नजर जातच नाही.

मुदती असूच नयेत, असं माझं मुळीच म्हणणं नाही. वडील वारल्यावर चौदा महिने त्यांचं पेन्शन एटीएममधून काढत राहिलेला मुलगा मी पाहिला आहे. पैसा लोकांचा आहे. घेणारा माणूस आहे की नाही, त्याची परिस्थिती तीच आहे की बदलली, हे अधूनमधून पाहावंच लागतं. पण पडताळणीची तारीख ही पडताळणीसाठी असते. माणूस समोर उभा आहे, गरजू आहे, हे दिसत असताना केवळ तारीख उलटली म्हणून त्याचं नाव कापायचं, तर ती पडताळणी कसली?

कायद्यानं हा भेद फार पूर्वीच ओळखला आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचं पाचवं कलम सांगतं, की अपील उशिरा आलं तरी ‘पुरेसं कारण’ पटलं तर न्यायालय ते दाखल करून घेऊ शकतं. वकील मंडळी याला विलंबमाफी म्हणतात. या बाबतीत १९८७ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आजही सांगितला जातो. अनंतनागचे भूसंपादन अधिकारी विरुद्ध कातिजी, असं ते प्रकरण. अपील चार दिवस उशिरा आलं म्हणून फेटाळलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ते चार दिवस माफ केले आणि सांगितलं, की उशीर करून कुणाचा फायदा होत नसतो, उलट तो स्वतःच धोक्यात येतो. तेव्हा प्रत्येक दिवसाचा हिशेब मागताना व्यवहारज्ञान सोडू नये. यातली गंमत अशी, की चार दिवस उशिरा आलेला तो अपीलदार म्हणजे खुद्द सरकार होतं! सरकारची गाडी चुकू शकते, तर मावशींची का नाही?

मात्र माफी आपोआप मिळत नाही. २०१२ साली टपाल खात्याच्या एका अपिलाला ४२७ दिवसांचा उशीर झाला होता. त्याला पटण्यासारखं कारण देता आलं नाही, तेव्हा त्याच न्यायालयानं सरकारलाही माफी दिली नाही. किती दिवस गेले यापेक्षा ते कशात गेले, हे सांगता येणं महत्त्वाचं. हे कलम न्यायालयांसाठी आहे, तहसीलच्या टेबलाला ते जसंच्या तसं लागू होत नाही, हेही सांगायला हवं. पण त्यामागचं शहाणपण सगळ्या टेबलांसाठी आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातही पहिलं अपील तीस दिवसांत करायचं असतं आणि पुरेसं कारण असेल तर त्यानंतरही ते घेता येतं.

आम्ही कामाला लागलो. पहिली अडचण अशी, की मावशींच्या हातात कागदच नव्हता. नाव कमी केलं ते कुणी, कधी, कोणत्या कारणानं? सगळं तोंडी. आणि तोंडी निर्णयावर दाद मागायची म्हणजे वाऱ्याशी कुस्ती. म्हणून पहिला अर्ज तक्रारीचा केला नाही, केवळ निर्णयाची प्रत मागणारा केला. प्रत मिळाली नसती तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात मागायची तयारी होती. त्याची गरज पडली नाही. नवव्या दिवशी यादीचं एक पान हाती आलं. मावशींच्या नावासमोर शेरा होता, ‘हयात दाखला अप्राप्त’. त्या पानावर तसाच शेरा असलेली आणखी कितीतरी नावं होती, बहुतेक बायकांची. त्यांतल्या किती जणी पुन्हा कचेरीची पायरी चढल्या असतील, हा विचार त्या दिवसापासून माझा पिच्छा सोडत नाही.

मग मुख्य अर्ज. आता इथे माझ्यातला कादंबरीकार जागा झाला. रात्री बसून तीन फुलस्केप पानं लिहिली. वैधव्य, गळकं छप्पर, काचेच्या पेटीतलं मूठभर बाळ. वाचून पत्नीनं डोळे पुसले. मी खूश.

तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली अर्ज लिहून देणारे एक गृहस्थ बसतात. पूर्वी त्यांच्यापुढे टाइपरायटर असे, आता लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर आहे. त्यांनी माझी तिन्ही पानं शांतपणे वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “साहेब, लिहिलंय झकास. पण यात तारीख कुठे आहे?”

मी पानं उलटीपालटी केली. तारीख नव्हती.

“आणि मागणी?”

मागणीही नव्हती. एवढं लिहून मी मागायचंच विसरलो होतो.

“वाचणाऱ्याला रडवून काय उपयोग? त्याला शेरा मारता आला पाहिजे,” ते म्हणाले. मग माझ्या तीन पानांचं त्यांनी एक पान केलं. वर यादीचा संदर्भ आणि शेरा. त्याखाली उशिराचं कारण, तारीखवार. कोणत्या दिवशी गेल्या, लेकीला आणि बाळाला घरी कधी सोडलं, परत कधी आल्या, पैसे थांबल्याचं कधी कळलं. प्रत्येक तारखेसमोर तिचा कागद : इस्पितळाचं डिस्चार्ज कार्ड, पासबुकाचं पान आणि मावशींनी नवलाईनं जपून ठेवलेली एसटीची तिकिटं. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. तिकीट अर्धं असलं तरी त्यावरची तारीख पूर्ण होती! मेअखेर परतल्यापासून जुलैपर्यंतचे दिवसही त्यांनी सोडू दिले नाहीत. “ते कोणी विचारायच्या आधी आपणच लिहायचं,” म्हणाले.

त्याखाली तिसरा मुद्दा : जे राहिलं होतं ते आता सोबत जोडलं आहे. म्हणजे ताजा उत्पन्नाचा दाखला आणि हयातीची नोंद. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटला. माफी मागताना राहिलेलं काम पुरं करूनच जावं. नाहीतर ‘आधी पूर्तता करा’ एवढं म्हणून अर्ज परत करायला समोरचा मोकळा. आणि शेवटी मागण्या, दोन वेगवेगळ्या. उशीर माफ करून अनुदान पुन्हा सुरू करावं, ही एक. थांबलेल्या महिन्यापासूनची रक्कम द्यावी, ही दुसरी. दोन प्रती काढल्या. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती मावशींच्या पिशवीत गेली. हा शिक्का नसेल तर अर्ज दिला हे सिद्ध करायला पुन्हा अर्ज करावा लागतो, हे मी बँकेतल्या अनुभवावरून सांगतो.

काही दिवसांनी बोलावणं आलं. नायब तहसीलदार म्हणजे तिशीतली एक मुलगी. आवाज कठोर नव्हता, पण प्रश्न सरळ होता. “एवढ्या दोन महिन्यांत एक दिवसही यायला जमलं नाही का, मावशी?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मावशींनी हातानंच मला थांबवलं.

“बाई, दर दोन तासांनी लेकीला दूध द्यायला वरच्या मजल्यावर न्यायला लागायचं. तिला टाके होते. एक दिवस मी इथं आले असते, तर ती कुणाला धरून गेली असती?”

त्या मुलीनं पुढे काही विचारलं नाही. खाली मान घालून लिहीत राहिली. माझ्या तीन पानांत जे आलं नव्हतं, ते दोन वाक्यांत आलं होतं. अर्जात तारखा हव्यात हे खरं. पण विचारलं तर आपलं कारण आपल्याच तोंडानं सांगावं, हेही त्या दिवशी मी शिकलो.

तालुक्याच्या समितीची बैठक झाली आणि ऑगस्टपासून अनुदान पुन्हा सुरू झालं. थकबाकीबद्दल मात्र आदेशात अवाक्षर नव्हतं. एप्रिल ते जुलै, चार महिन्यांचे सहा हजार रुपये. मी हिशेब मांडला. आतापर्यंत पाच खेपा झाल्या होत्या. प्रत्येक खेपेला मावशींचा दोन घरच्या कामाचा खाडा. आणखी किती खेपा होतील, सांगता येत नव्हतं. बँकेतला माणूस शेवटी नफा-तोटाच पाहतो. मी म्हणालो, “मावशी, सुरू झालं हे काय कमी आहे? सोडून देऊ या का?”

पोळपाटावरचं पीठ पुसत त्या म्हणाल्या, “नको साहेब. त्या चार महिन्यांत मी काय मेले होते का?”

मला तो १९९६ चा जानेवारी आठवला. दुसरा अर्ज त्याच संध्याकाळी लिहिला, या वेळी एकाच पानाचा. तहसीलदारांच्या वर प्रांत असतात, त्यांच्या वर जिल्हाधिकारी; दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कचेरीत लोकशाही दिन असतो. तिथपर्यंत जायची आमची तयारी होती. प्रांत कचेरीतच काम झालं. पाच महिने लागले, पण सहा हजार रुपये खात्यात जमा झाले. मावशींनी पासबुक भरून आणलं आणि ती ओळ आम्हाला दोघांना दाखवली.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी कुणीतरी निवृत्त असेल, म्हणून काही गोष्टी सांगून ठेवतो. ऐंशी वर्षांवरच्या केंद्रीय निवृत्तांना हयातीचा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतल्या पेन्शनरांना नोव्हेंबरचं बंधन नाही. ज्या दिवशी दाखला दिला त्या दिवसापासून तो वर्षभर चालतो. राज्य सरकारच्या निवृत्तांची यादी कोषागाराकडून बँकेत येते, तिच्यात आपल्या नावासमोर सही करायची असते. नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही अंगठ्याच्या ठशावर चालणारी सोय आली. कष्टानं ठसे झिजलेल्यांसाठी २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होतं. सत्तरीपुढच्या आणि अपंग खातेदारांकडून दाखला घरी येऊन घ्यावा, अशी रिझर्व्ह बँकेची २०१७ पासून बँकांना सूचना आहे. दाखला दिल्याची पोच द्यायला बँक बांधील आहे; ती मागा. आणि हे सगळं करूनही तारीख चुकलीच, तर घरी बसू नका. दाखला द्या, थकबाकी मागा.

१७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पेन्शन ही सरकारच्या मर्जीवरची खिरापत नाही, तो हक्क आहे. सरन्यायाधीश होते आपले यशवंतराव चंद्रचूड. १७ डिसेंबर हा निवृत्तिवेतनधारकांचा दिवस म्हणून पाळला जातो तो यासाठी. मावशींचं अनुदान म्हणजे पेन्शन नव्हे. पण म्हातारपणात, आजारपणात, अपंगपणात राज्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे माणसाला हात द्यावा, हे राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात लिहिलेलं आहे. ते न्यायालयातून वसूल करता येत नाही, हे खरं. तरी ते लिहिलेलं आहे. भीक म्हणून लिहिलेलं नाही.

आणि काउंटरच्या आत जे बसले आहेत, त्यांना एका निवृत्त सहकाऱ्याची विनंती. काम फार असतं, फोन वाजत असतात, मान वर करायला सवड नसते, हे मला माहीत आहे. ‘मुदत संपली’ असं सांगावंही लागतं. पण तेवढ्यावर थांबू नका. तिथे स्वल्पविराम आहे. त्याच्या पुढचं ‘पण’ आणि त्या ‘पण’नंतरची वाट समोरच्याला सांगून मगच फोन घ्या. मी एकदा ते वाक्य अर्धं सोडलं होतं. ते पुरं करायला मला अठ्ठावीस वर्षं लागली, आणि ज्यांना ते सांगायचं होतं ते ऐकायला उरले नव्हते.